स्मरण : मन परत आणण्याची विद्या

‘ध्यान’ हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. हिमालयातील गुहा, व्याघ्राजिन, जटाधारी साधू आणि त्याचे मिटलेले डोळे. हे चित्र इतके दूरचे आहे की, पहाटेची एस.टी. पकडून कॉलेजला येणाऱ्या आणि संध्याकाळी घरी जाऊन गोठा झाडणाऱ्या आपल्यासारख्या मुलामुलींशी त्याचा काही संबंध असेल असे वाटतच नाही. मलाही वाटत नव्हते. वस्तुतः मी रिद्धपूरची. ज्या गावात सातशे वर्षांहून अधिक काळ माणसे मन एका ठिकाणी लावण्याचा अभ्यास करीत आली, त्या गावात जन्मून, वाढूनही मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. देवळाच्या सावलीत राहणाऱ्याला कळस दिसत नाही म्हणतात, तशातलाच हा प्रकार!

मला ती कळली ती मात्र एका अपयशामुळे. ते सांगायला संकोच वाटतो. पण सांगितल्यावाचून पुढचे समजणार नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा सातवीपर्यंत, आई चौथीपर्यंत शिकलेली. संत्र्याची दीडशे झाडे हीच काय ती इस्टेट. मी प्रथम वर्षाला असताना भाद्रपदात आंबिया बहाराची अर्धीअधिक फळे गळून पडली. झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा आणि त्यात उभे असलेले बाबा, हे दृश्य मी विसरू शकत नाही. त्यानंतर बाबा बोलेनासे झाले. रात्री खाटेवर नुसते कूस बदलत राहायचे. आपल्या वऱ्हाडात घरातला कर्ता माणूस गप्प झाला म्हणजे घरच्यांना कशाची भीती वाटते, ते इथे लिहिण्याची गरज नाही.

मी पहाटे चारला उठून पुस्तक उघडायची. तास-दोन तास बसायची. डोळे ओळींवरून फिरायचे आणि मन मात्र बाबांच्या खाटेपाशी, बगिच्यात, सावकाराच्या ओट्यावर, फीच्या पावतीवर. उठताना पाहावे तो पान तेच! परिणाम व्हायचा तोच झाला. पहिल्या सत्रात माझा अर्थशास्त्राचा पेपर राहिला. घरी मी दोन दिवस सांगितले नाही.

आमच्या घराला लागून एक आजी राहतात. त्या महानुभाव पंथाच्या उपदेशी आहेत. आम्ही त्या पंथाचे नव्हे. पण भिंत एकच, त्यामुळे त्यांचे पहाटेचे उठणे आणि माझे उठणे एकमेकींना ऐकू यायचे. एके दिवशी त्यांनी मला अंगणात गाठले.

“काय वं पोरी, रोज दिवा लावून बसते, पन पान पलटल्याचा आवाज काही येत नाही तुह्या.”

मला रडूच कोसळले. मी म्हटले, “मन लागत नाही आजी.”

“लागत नसतेच. मन का खुट्याचं ढोर व्हय? जाईनच थे चराले. आपलं काम हाक मारून वापस आनाचं.”

“कितीदा आणायचं?”

“जितक्यांदा जाईन तितक्यांदा.”

“तुमचं अजूनही जाते?”

“पन्नास वर्सं झाले उपदेश घेऊन. आज पहाटेच दोनदा सुनेच्या माहेरी जाऊन आलं!” असे म्हणून आजी हसल्या.

या दोन मिनिटांच्या संभाषणात ध्यानाचे सगळे मर्म आले आहे, असे आता मला वाटते. मन रिकामे करणे म्हणजे ध्यान नव्हे. मन गेले हे ओळखणे आणि त्याला न मारता, न रागावता परत आणणे, याचेच नाव ध्यान. पुढे जे काही मी वाचले, त्यात या वाक्याचाच विस्तार मला सापडत गेला.

रिद्धपूरचे स्मरण

मोर्शी तालुक्यातील आमचे हे गाव श्रीगोविंदप्रभूंचे, म्हणजेच गुंडम राऊळांचे गाव. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांचे ते गुरू. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वामी उत्तरापंथे निघून गेले, तेव्हा त्यांचा शिष्यपरिवार पोरका झाला आणि गोविंदप्रभूंच्या सेवेसाठी रिद्धपूरला येऊन राहिला. नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा ही माणसे आपल्याच रस्त्यांवरून चालली असतील, हा विचार एस.टी.च्या थांब्यावर उभी असताना मनात आला की अंगावर काटा येतो.

या मंडळींपुढे प्रश्न मोठा होता. ज्याच्याभोवती आपले सारे जीवन गुंफले होते तो समोर नाही, आता मनाला धरायला काय उरले? त्यांच्या मार्गाने दिलेले उत्तर म्हणजे ‘स्मरण’. महानुभाव परंपरेत स्मरणाचे चार आधार सांगितले जातात : नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा. नाम म्हणजे शब्द. मूर्ती म्हणजे रूप. लीळा म्हणजे घडलेला प्रसंग. आणि चेष्टा म्हणजे चालणे, पाहणे, हात उचलणे अशी एखादी हालचाल. (चेष्टा म्हणजे थट्टा हा आपला आजचा अर्थ येथे घेऊ नये.) किती शहाणपणाची विभागणी आहे ही! कुणाचे मन शब्दाला धरून राहते, कुणाचे चित्राला, कुणाचे गोष्टीला. सर्वांना एकच खुंटा दिलेला नाही.

गोविंदप्रभूंच्या निधनानंतर नागदेवाचार्य एकांतात जाऊन बसत. हे काय करतात, असा प्रश्न म्हाइंभटांना पडला. आपण स्वामींच्या लीळा आठवतो, असे आचार्यांनी सांगितले. मग या आठवणी लिहून काढाव्यात, असे म्हाइंभटांना वाटले. त्यांनी आचार्यांना विचारून, आणि ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन, एकेक लीळा गोळा केली. रिद्धपुरात वाजेश्वरीच्या परिसरात बसून त्यांनी हे लेखन केले, असे परंपरा सांगते. आपण ज्याला मराठीतील आद्य चरित्रग्रंथ म्हणतो, ते ‘लीळाचरित्र’ अशा रीतीने सिद्ध झाले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि तिचे पाठ पुन्हा उभे राहिले ते पाठांतराच्या बळावर. त्यांत हिराइसेच्या आठवणीतील पाठाला मोठा मान आहे. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून संपादिलेली ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ती 1978 साली प्रसिद्ध झाली.

मराठीच्या वर्गात हा सगळा भाग आपण ‘वाङ्मयाचा इतिहास’ म्हणून शिकतो. माझे म्हणणे एवढेच की, तो ध्यानाचाही इतिहास आहे. ज्यांनी रोज बसून एकच प्रसंग पुनःपुन्हा मनात आणला, त्यांनाच तो बारीकसारीक तपशिलांसह सांगता आला. मराठी गद्याचा हा मोठा ग्रंथ मन परत आणण्याच्या सवयीतून जन्मला आहे. 2024 पासून याच गावात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, ही गोष्टही या दृष्टीने मला फार सूचक वाटते.

इतर वाटा

आपल्या आसपास याच कामाच्या आणखीही वाटा आहेत. पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली, त्यांत सहावे अंग धारणा, सातवे ध्यान आणि आठवे समाधी. चित्त एका जागी बांधणे ही धारणा. ते तेथे तेलाच्या धारेसारखे अखंड वाहू लागले की ध्यान. म्हणजे आपण नवशिके ज्याला ध्यान म्हणतो ते बहुतांशी धारणेचेच प्रयत्न असतात! बौद्ध भिक्षूंबरोबर हाच शब्द देशाबाहेर गेला. पालीत ‘झान’, चीनमध्ये ‘छान’ आणि जपानमध्ये ‘झेन’ झाला.

आपल्याच जिल्ह्यात मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) सकाळी सामुदायिक ध्यान व संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना असा क्रम घालून दिला, आणि तो वऱ्हाडातील कितीतरी खेड्यांत आजही पाळला जातो. गुहेतले ध्यान गावाच्या चावडीत आणण्याचेच हे काम होय. 1969 साली ब्रह्मदेशातून आलेले सत्यनारायण गोयंका यांचे इगतपुरीचे विपश्यना केंद्र 1976 पासून चालू आहे. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस केवळ श्वासाकडे पाहायला शिकवतात. कुणी नाम घेते, कुणी श्वास पाहते, कुणी प्रसंग आठवते. खुंटे निराळे, पण हाक तीच.

हे घडते कसे?

यात श्रद्धेचा भाग किती आणि शरीराचा किती, हा प्रश्न आपल्या विज्ञानाच्या मित्रांना पडेल. मलाही पडला होता. त्याची जी उत्तरे मला समजली, ती सोप्या शब्दांत मांडते.

पहिली गोष्ट, मनाचे भटकणे हा आपला एकट्याचा दोष नव्हे. 2010 साली हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या संशोधकांनी 2,250 माणसांना दिवसात अवचित वेळी फोनवरून विचारले, की आता तुम्ही काय करीत आहात आणि तुमचे मन कोठे आहे? जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते. शिवाय मन भटकलेले असताना माणसे कमी सुखी असल्याचे आढळले. मेंदूतील काही भाग, आपण काहीही करीत नसताना, अधिक काम करतात, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. जुने उगाळणे, पुढची चिंता, ‘माझे कसे होईल’ हा विचार यांच्याशी त्या भागांचा संबंध आहे. म्हणजे रिकामा बसलेला मेंदू रिकामा नसतोच. तो घरचे हिशेब करीत असतो.

ध्यानाला बसल्यावर चार पायऱ्यांचे एक चक्र फिरते. मन श्वासावर किंवा नामावर ठेवले, ते निसटले, निसटल्याचे ध्यानात आले, परत आणले. आपल्याला वाटते की यातली पहिली पायरी म्हणजे ध्यान आणि बाकीच्या तीन म्हणजे अपयश. खरे पाहता व्यायाम होतो तो तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर. विहिरीवरून पाणी आणताना घागर एकदा उचलून कुणाच्या दंडात बळ येत नाही. रोजच्या खेपांनी येते. तसेच हे. पंधरा वेळा मन गेले आणि पंधरा वेळा आणले, तर पंधरा खेपा झाल्या, असे समजावे.

दुसरी गोष्ट श्वासाची. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडतो तेव्हा किंचित मंदावतात. हे कोणालाही मनगटावर बोट ठेवून पाहता येईल. श्वास सावकाश सोडला की मेंदूपासून हृदयापर्यंत व पोटापर्यंत जाणारी एक मोठी नस (तिला व्हेगस म्हणतात) हृदयाला ‘दमाने घे’ असे सांगते. 2001 साली इटलीतील बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. ख्रिस्ती लोकांची जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि बौद्धांचा एक मंत्र त्यांच्याकडून म्हणवून घेतला. दोन्ही वेळी श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली आला आणि हृदयाची लय सुधारली. धर्म दोन, भाषा दोन, श्वास मात्र एक! आमच्या आजी बोटांच्या पेरांवर नाम मोजतात तेव्हा त्यांचा श्वास का लांबतो, हे मला तेव्हा कळले.

सुरुवात कशी करावी?

आता प्रत्यक्ष कृती. मी काही यातली अधिकारी व्यक्ती नव्हे. एका नवशिकीने दुसऱ्या नवशिक्यास सांगावे, इतकाच याचा अर्थ घ्यावा.

वेळ एकच ठरवावी. पहाट उत्तम, पण वसतिगृहातील मित्रमैत्रिणींनी दिवे मालवल्यानंतरची पाच मिनिटे घेतली तरी चालेल. पोट गच्च भरलेले नसावे.

मांडी घालून बसावे. जमत नसेल तर खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून बसावे. पाठ सरळ, पण ताठलेली नको. पद्मासनाचा हट्ट धरू नये. मी पहिल्या दिवशी धरला आणि ध्यान सारे गुडघ्यातच राहिले.

डोळे मिटावे किंवा अर्धे उघडे ठेवून जमिनीकडे पाहावे. नाकाशी श्वासाचा स्पर्श जाणवतो तेथे मन ठेवावे. श्वास ओढू नये, रोखू नये. येतो तसा येऊ द्यावा. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा मोजावा. दहा झाले की पुन्हा एकपासून. मध्येच आकडा चुकला, किंवा मोजता मोजता बावीसपर्यंत गेलो, तर समजावे की मन चरायला गेले होते. हसावे आणि ‘एक’ म्हणावे. ज्यांना नाम प्रिय आहे त्यांनी नाम घ्यावे. ज्यांचा कशावरच विश्वास नाही त्यांना श्वास पुरेसा आहे. श्वास काही कुणाला पंथ विचारत नाही.

पहिले दोन आठवडे पाच मिनिटे. त्यानंतर दहा. रविवारी तासभर बसून बाकी सहा दिवस सुट्टी, यापेक्षा रोजची पाच मिनिटे बरी. झाडाला रोज थोडे पाणी द्यावे लागते, हे संत्रेवाल्यांना सांगायला नको.

अडचणी येतील. झोप आली तर डोळे उघडावे, उभे राहावे, चालत चालत पावले मोजावी. मुंग्या आल्या तर पाय हलवावा. ते पाप नव्हे. डास चावला तर मारावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे! कंटाळा आला तर ‘हा कंटाळा’ असे म्हणून परत श्वासाकडे यावे. प्रकाश दिसेल, घंटा ऐकू येतील, अशी वाट पाहू नये. मला तरी आजवर शेजारच्या कोंबड्यावाचून काही ऐकू आलेले नाही.

काय होते आणि काय होत नाही

येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण बाजारात या नावाखाली पुष्कळ काही विकले जाते. 2014 साली अमेरिकेतील संशोधकांनी 47 चाचण्यांचा, म्हणजे 3,515 माणसांच्या माहितीचा एकत्रित विचार केला. ध्यानाने चिंता, खिन्नता आणि वेदना काही प्रमाणात कमी होतात, असे त्यांना दिसले. मात्र व्यायाम किंवा औषधे यांपेक्षा ध्यान अधिक गुणकारी ठरल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. तात्पर्य, ध्यान हे उपयोगी आहे, रामबाण नाही. काही जणांना दीर्घकाळ एकट्याने बसल्यावर जुनी भीती उसळून येते. अशांनी ताबडतोब थांबावे आणि जाणत्या माणसाशी बोलावे. ज्याच्या मनात जगणे नकोसे झाल्याचे विचार येतात, त्याला ‘ध्यान कर’ असा उपदेश करून आपण मोकळे होऊ नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला डॉक्टरकडे न्यावे. 14416 हा सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक त्यासाठीच आहे. तेथे पैसे पडत नाहीत.

ध्यानाने आमची गळलेली फळे झाडाला परत लागली नाहीत. कर्जही फिटले नाही. ज्या गोष्टी बाजारभावाने, पावसाने आणि सरकारी धोरणाने ठरतात, त्या डोळे मिटून सुटत नाहीत, आणि सुटतील असे कुणी म्हणू लागला तर त्याच्यापासून दूर राहावे. मग झाले काय? एवढेच, की पुस्तकापुढे बसल्यावर मन बाबांच्या खाटेपाशी गेले की मला ते कळू लागले. पूर्वी तासाभराने कळायचे, पुढे दहा मिनिटांनी, कधी कधी एका ओळीनंतर. मी मनाला म्हणायची, ‘चल, एक.’ राहिलेला पेपर दुसऱ्यांदा दिला आणि सुटला. गुण फार नाहीत. पण पान उलटल्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला, हे खरे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगून हा लेख संपवते. आम्ही अंगणात झोपलो होतो. बाबांना झोप येत नव्हती. त्यांनी अंधारातच विचारले, “थे तू डोये मिटून काय करत असते पहाटे?”

मी म्हटले, “श्वास मोजतो बाबा.”

“मोजून काय भेटते?”

“काही नाही भेटत. मन वापस येते.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटले, झोपले. मग हळूच आवाज आला, “कितीलोक मोजाचे?”

“दहालोक. चुकलं का पुन्हा एकपासून.”

त्या रात्री त्यांच्या खाटेची करकर हळूहळू थांबत गेली. बाबा दहापर्यंत पोचले की नाही, ते मी विचारले नाही.